वाचकांचे प्रश्न : स्लालम स्कीचं माप

प्रश्न : माझी उंची १६५ सेंमी, वजन ७८ किलो. परदेशातल्या मावसभावाने उंची विचारून ६५ इंची स्लालम स्की (बोटीमागे पाण्यावर धावायची एकेरी स्की, जिच्यावर दोन्ही पाय एकामागे एक ठेवतात) पाठवली. बोटीचा वेग ताशी ४५ किमी असतो, तरी मी पाण्याबाहेर उभाच राहत नाही. हात गळून जातात. (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : ६५ इंच म्हणजे १६५ सेंमी. आकडे जुळले आणि तिथेच घोळ झाला. स्कीला उंचीशी देणंघेणं नसतं; बघायचं ते वजन आणि बोटीचा वेग. वेग कमी असेल तर तेच वजन पेलायला स्कीचा तळ मोठा लागतो. तुमच्या वजनाला ४५-४८ किमीवर ६७ ते ६९ इंची, तीही रुंद अंगाची घ्या. पुढे ५५ किमीपर्यंत गेलात की ६६-६७ पुरेल. ६५ इंची साधारण ५५ ते ६५ किलोच्या माणसाला चालते. कंपन्यांच्या तक्त्यांत इंचभराचा फरक असतोच. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर नवशिक्याने मोठं घ्यावं. मोठी स्की वळायला जरा सुस्त, तोटा एवढाच. दुकानदार स्पर्धेची स्की गळ्यात मारू पाहतील, पण ती ५५-५८ किमीसाठी घडवलेली असते.

प्रश्न : वजन ७२ किलो, स्की ६७ इंची. वळताना स्कीचं नाक (पुढचं टोक) वर राहतं, वळण लांबतं. फिन (स्कीच्या मागच्या टोकाखालचं उभं पातं) हलवू का? (इंदिरानगर)

उत्तर : इतक्यात नको. आधी मागच्या पायावर रेलत नाही ना, ते कुणाला तरी बोटीतून पाहायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग स्कीवर बसवलेले बूट. स्कीच्या मागच्या टोकापासून पुढच्या बुटाच्या टाचेपर्यंत टेप लावा. या मापात हे अंतर बहुधा ७४-७६ सेंमी भरतं. कंपनीच्या पत्रकातला आकडा प्रमाण माना. तिथून दोन्ही बूट एकेक भोक, म्हणजे सुमारे ६ मिमी, पुढे घ्या. स्क्रू हाताने आवळा. ड्रिल लावलंत तर स्कीतले आटे उपटतात आणि आत पाणी शिरतं. दोन-तीन फेऱ्यांनंतरच ठरवा. नाक रुतून पुढे फेकले जाऊ लागलात तर परत मागे या.

एवढं करूनही भागलं नाही तर फिन. फिनची खोली, लांबी, स्कीच्या मागच्या टोकापासूनचं अंतर, ही तिन्ही मापं सोडवण्याआधी वहीत टिपा. लांबी व्हर्निअरच्या (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरच्या) टोकांनी घेतली की जबड्यांनी, तेही लिहा, कारण आकडे वेगळे येतात. (सातपूर-अंबडचे कारखाने हाकेवर असताना व्हर्निअर धरणारा हात शोधावा लागू नये!) एका वेळी एकच माप, तेही ०.१-०.२ मिमीने बदला. वळणात स्कीचं शेपूट (मागचं टोक) घसरत असेल तर खोली किंचित वाढवा. शेपूट धरून ठेवत असेल तर कमी करा. फिनवरची विंग (आडवी बसवलेली छोटी पट्टी) ब्रेकचं काम करते. ५० किमीच्या खाली ती काढून ठेवली तरी अडत नाही.

प्रश्न : मुलगी उजव्या हाताने लिहिते. पुढे कोणता पाय? (सिडको)

उत्तर : हाताचा संबंध नाही. दोन स्कींवर सरळ जाताना आळीपाळीने एकेक स्की थोडी उचलायला सांगा. ज्या पायावर ती स्थिर राहील, तो पुढे. मागच्या पायाला सुरुवातीला पूर्ण बूट नको, नुसता पट्टा द्या. पडताना पाय पटकन सुटतो.