उत्तेजकाचा आलेख खाली का जातो?

प्रश्न : मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाच्या एका मात्रेनंतर दर अर्ध्या तासाने सात तास स्वभाव-प्रश्नावली भरून घेतली. गुण आधी चढतात, मग मूळ पातळीच्याही खाली उतरतात. गुण वेळेनुसार कसे बदलतात हे सांगणाऱ्या आमच्या गणिती प्रारूपात ही घसरण येतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या समीकरणात बहुधा दोनच पदं असावीत : मूळ पातळीकडे ओढणारं आणि औषधाच्या प्रमाणात उत्तेजना देणारं. एवढ्यावर वक्र मूळ पातळीला टेकतो, खाली जात नाही. तिसरं पद हवं, उशिरा जागं होणाऱ्या अवरोधाचं, म्हणजे गुण खाली ओढणाऱ्या परिणामाचं. त्यात आजवरच्या औषध × गुण या गुणाकाराची बेरीज येते. जुन्या क्षणांचं वजन घातांकी दराने घटतं; ते किती काळात ओसरतं हे विलंबकाळ ठरवतो. गणनेच्या दर पायरीला ही बेरीज नव्याने करत बसू नका. तिला वेगळं चल (बदलती राशी) माना : बदलाचा दर = औषध × गुण − चल ÷ विलंबकाळ. पायरी एक मिनिटाची पुरते.

औषधाचा वक्र, म्हणजे शरीरातलं त्याचं प्रमाण वेळेनुसार कसं बदलतं ते, आधी पक्का करा. अर्धायुकाल (औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) २.५ तास धरला तर निचऱ्याचा दर ०.६९३ ÷ २.५ = ०.२७७ प्रतितास. शोषणाचा दर १.४ प्रतितास घेतला, तर शिखर साधारण १.४ तासांनी येतं. (दोन्ही दर सारखे झाले की या वक्राच्या सूत्रात शून्याने भागाकार होतो, योग्य दर शोधणारी संगणकावरची प्रक्रिया तिथे हमखास अडखळते.)

मूळ पातळी मात्रेआधीच्या मोजणीवरूनच घ्या, नाहीतर तीही अज्ञात होऊन विलंबकाळाशी गल्लत होते. आणि सगळ्यांची सरासरी काढून वक्र बसवू नका : प्रत्येकाची घसरण वेगळ्या वेळी येते, सरासरीत ती सपाट होते. प्रश्नही तपासा. ‘तुम्ही सहसा धाडसी असता का?’ याचं उत्तर तासाभरात हलत नाही, ‘आत्ता’ विचारा.