पोर्तुगालमधली मूकबधिर आणि अंधांची पहिली शाळा कोणी काढली? तिचा गोव्याशी काही संबंध येतो का?

शाळा लिस्बनला १८२३ साली निघाली, पण काढणारा पोर्तुगीज नव्हता. पेर आरॉन बोर्ग हा स्वीडनचा, स्टॉकहोमच्या सरकारी कचेरीत नोकरीला. १८०८ मध्ये त्यानं एक नाटक पाहिलं, पॅरिसला मूकबधिरांची शाळा काढणाऱ्या आबे द लेपे या पाद्रीवरचं, आणि पुढच्याच वर्षी स्वतःची शाळा सुरू केली. आमच्याकडे गोव्यात गावोगावच्या जत्रेत रात्रभर नाटकं रंगतात, पण नाटक बघून कोणी शाळा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही! त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत शार्लोटा सेउरलिंग ही अंध संगीतकारही होती. म्हणजे मूकबधिर आणि अंध एकाच छपराखाली, ही रीत तिथपासूनची.

पोर्तुगालचा राजा जुवांव सहावा १८२१ मध्ये ब्राझीलहून परतला. त्यानं बोर्गला बोलावून घेतलं आणि लिस्बनमध्येही तसाच घाट घातला. हे एकत्र ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. त्यात शिकवण्याची सोय कमी आणि दानधर्माच्या खात्यात एकच नोंद करण्याची सोय जास्त. बहिरं मूल सगळं डोळ्यांनी टिपतं, आंधळं मूल कानांनी आणि बोटांनी. एकाच मास्तरानं दोघांना एका वर्गात काय शिकवायचं? त्यात ब्रेलची लिपी प्रसिद्ध झाली १८२९ मध्ये, शाळा सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. तोवर युरोपात अंध मुलं कागदावर उठवलेली जाडजूड रोमन अक्षरं चाचपत वाचायची. जेमतेम वाचता यायचं, लिहायचं तर नावच नको.

बोर्ग १८२८ मध्ये स्वीडनला परत गेला. त्याच वर्षी जुवांवचा धाकटा मुलगा मिगेल यानं गादी बळकावली आणि देशात यादवी माजली. शाळा काझा पिया या लिस्बनच्या मोठ्या अनाथाश्रमाच्या पदरात पडली आणि शतकाच्या मध्यानंतर बंदच झाली. काझा पिया मात्र अजून आहे, आणि मूकबधिरांचे शिक्षक जाकोब रोद्रिगिश परेरा यांच्या नावाची मूकबधिरांची संस्था तिच्याच अंतर्गत चालते. (१८३३ पासून काझा पियाचा मुक्काम बेलेंच्या जेरोनिमोस मठात होता. वास्को द गामाचं थडगं आहे तोच मठ.)

इमारत, नाव, मास्तर सगळं गेलं तरी एक गोष्ट टिकली. बोर्गनं स्वीडनहून आणलेली एका हाताची बोटाक्षरं, म्हणजे बोटांच्या खुणांनी दाखवायची मुळाक्षरं. त्यामुळे पोर्तुगालची सांकेतिक भाषा शेजारच्या स्पेनपेक्षा दूरच्या स्वीडनच्या घराण्यात मोजतात. १९९७ पासून तिला पोर्तुगालच्या राज्यघटनेतही जागा आहे.

आता गोवा. १८२३ मध्ये आम्हीही त्याच जुवांवची रयत, तेव्हा ही अक्षरं जहाजात बसून पणजीला उतरली असतील असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात गोव्यातली कर्णबधिर मुलं जी वापरतात ती भारतीय सांकेतिक भाषा, आणि तिची रोमन बोटाक्षरं दोन हातांची, इंग्रजांकडून आलेली. फोंड्याच्या कदंब बसस्टँडवर कधी दोन मुलं अशी बोलताना दिसली तर नीट बघा. एका हाताची पाच बोटं पसरलेली आणि दुसऱ्या हाताचं पहिलं बोट त्यांच्या टोकांना टेकवायचं. अंगठा म्हणजे ए, पहिलं बोट ई, मधलं आय, अनामिका ओ, करंगळी यू. पाचही स्वर हातावर मांडून ठेवलेले. फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान विशेष मुलांच्या शाळा चालवतं, त्यामुळे त्या भागात हे दृश्य नवं नाही.

कारणही सरळ आहे. भारतात अशा शाळांची सुरुवात ब्रिटिश मुलखात झाली. मूकबधिरांसाठी मुंबईला १८८० च्या दशकात, अंधांसाठी अमृतसरला १८८७ मध्ये. १९६१ ला पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले, त्यानंतर आम्हाला मास्तर, पुस्तकं, प्रशिक्षण जे मिळालं ते भारताच्या बाजूनं.

म्हणून आज गंमत अशी आहे की पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी गेलेल्या गोंयकार कर्णबधिराला लिस्बनमध्ये बोटाक्षरं पहिल्यापासून गिरवावी लागतील, आणि इंग्लंडात स्विंडनला, जिथे आपली एवढी माणसं आहेत, तिथे ए-ई-आय-ओ-यू त्याच बोटांच्या टोकांवर सापडतील. बाकीच्या खुणा दोन्हीकडे वेगळ्या, त्या शिकाव्याच लागतात.