गोधडी शिवायची आवड मैत्रिणींना आणि घरच्यांना कशी लावावी? टाके नीट येत नाहीत म्हणून सगळे कंटाळतात.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि राहवेना. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांचे टाके इतके ओबडधोबड येतात की रात्री बसून मलाच उसवून परत घालावे लागतात.’ ताई, मैत्रिणी दुसऱ्यांदा का येत नाहीत याचं उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय.

आमच्या घरी हेच झालंय. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या दिवाळीत सगळे आमच्याकडे सदाशिव पेठेत जमले. त्यांची लुगडी कपाटात तशीच होती. आई शेवटपर्यंत नऊवारी नेसायच्या, त्यामुळे कापड भरपूर. वाटून टाकायचं कुणाच्या जिवावर येत होतं, ठेवून कसर लागली असती. शेवटी ठरलं की प्रत्येक नातवंडाला एकेक गोधडी. हॉलमधला सोफा गॅलरीत गेला, लुगडी जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर पाट ठेवले. इरकलींचं अंग सुती आणि पदर रेशमी, म्हणून पदर आधी कापून वेगळे काढले. रेशीम जुनं झालं की घडीवर चिरतं, आत घालून उपयोग नसतो. वरच्या थराला ब्लाउजपिसांचे, परकरांचे आणि आईंच्या शिवणाच्या पिशवीत निघालेल्या खणांचे तुकडे.

चार बाजूंना चौघी बसलो होतो. माझे मोठे दीर, दादा, दाराशी उभे राहून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेलेलं, घरात खिळा ठोकायचा तरी आधी पट्टी लावणारा माणूस. कुणीतरी गमतीत म्हणालं, ‘या दादा, एक ओळ घाला.’ ते खरंच बसले. चष्मा नाकावर आणला, लाल दोरा मागून घेतला आणि अख्खी दुपार एकच ओळ घातली. टाका चांगला बोटाच्या पेराएवढा. काठ आला की सुई जाईना, मग काठाच्या अलीकडून थेट पलीकडे उडी. ओळ खाली घसरत गेलेली. पण हात चालू असताना तोंडही चालू होतं. हे लुगडं आई कुठल्या लग्नात नेसली होती, हे नेसून पानशेतच्या पुरानंतर वाड्यातला चिखल कसा काढला, त्या दिवसांत कुणाकडे जेवायला जायचे... माझ्या नवऱ्यानेसुद्धा यातलं निम्मं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लाल ओळ गायब. तिथे पांढऱ्या दोऱ्याचा, तांदळाएवढ्या टाक्यांचा, फूटपट्टीने आखल्यासारखा धावदोरा. नीट बघितलं तर शेजारी जुन्या कापडावर मोठाली भोकं ओळीने दिसत होती, एवढीच खूण. मोठ्या जाऊबाई भरतकामाचा कोर्स केलेल्या आहेत, हात फार सुंदर आहे, ते मी कधीच नाकारलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ‘मुलं परदेशात नेणार, चार लोक बघणार. आणि एवढा लांब टाका पायाच्या बोटात अडकतो.’ दादांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पेपर घेऊन आत गेले. त्यानंतर त्यांनी सुई धरली नाही. गोष्टीही तिथेच थांबल्या.

हा वाद आमच्यात अजून आहे, म्हणून सविस्तर लिहिते. टाका बोटात अडकतो ही तक्रार खरी आहे. त्याला उपाय उसवणं हा नव्हे. दोन लांब टाक्यांच्या ओळींच्या मधून तुमची बारीक ओळ घाला. थर पक्के बसतात, अडकणं कमी होतं, आणि ज्याने शिवलंय त्याचं काम जागेवर राहतं. गोधडीत जास्त ओळींनी कुणाचं वाईट झालेलं नाही. शिवाय जुनं सुती कापड उसवलं की दोऱ्याच्या भोकाशी फाटायला लागतं. म्हणजे निव्वळ कारागिरीच्या हिशेबानेही उसवणं चूकच.

आणि ‘चार लोक बघतील’ म्हणाल, तर अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या बायकांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. रेषा वाकड्या, चौकोन कुठे लहान कुठे मोठे. 2002 साली त्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्यातली एक मिझूरी पेटवे या बाईंनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची शिवलेली आहे. विटलेला निळा, मातकट, गुडघ्यावर झिजलेलं कापड तसंच. जाऊबाईंना मी त्याचा फोटो पाठवला होता. ‘छान’ असं उत्तर आलं आणि अंगठा.

इतकं लांब जायलाही नको. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडीच. कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घालत आत मध्यापर्यंत यायचं आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावायचे, त्याशिवाय ती पूर्ण झाली असं मानत नाहीत. आपल्याकडेही फेऱ्या घालत आतच यायचं असतं. एकत्र शिवायला ही पद्धत सोयीची, कारण प्रत्येकीची एक बाजू. फक्त कच्चे टाके आधी तिरपे घालून घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर तळहाताने कापड आतून बाहेर सारखं करा, नाहीतर सगळा झोळ मध्यावर गोळा होतो.

आता तुमचा प्रश्न. आवड लावता येत नाही, जागा करून देता येते. शिकवायला बसू नका. सुया ओवून तयार ठेवा, कारण चाळिशीनंतर निम्म्या बायका ओवायलाच कंटाळतात. पहिल्यांदा बाळाचं दुपटं घ्या, दोन थरांचं, म्हणजे लवकर संपतं. मोठी गोधडी काढलीत तर होळीपर्यंत कोपऱ्यात पडून राहते. प्रत्येकीला स्वतःच्या घरची एक तरी चिंधी आणायला सांगा. आपला तुकडा कुठे बसतो ते बघायला तरी ती पुढच्या वेळी येते. क्लास लावावा का विचारलंय, तर माझ्या मते नको. अमेरिकन पद्धतीचं मापात कापलेलं पॅचवर्क शिकायचं असेल तर लावा, तिथे पाव इंचाची शिलाई चुकली की पुढचं सगळं हलतं. गोधडीला क्लास कशाला? आणि आयते कापलेले तुकडे पाकिटात विकत मिळतात त्यात मला काही राम वाटत नाही. नवीन कापडाचे तुकडे करून ते पुन्हा जोडायचे, हा श्रीमंतांचा उद्योग आहे. गोधडीच्या कविता व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या मैत्रिणींना तर बोलवूच नका, त्या फोटो काढून जातात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. टेरिकॉट आणि पॉलिस्टर सुती थरांत मिसळू नका. धुतल्यावर सुती आटतं, ते आटत नाही, आणि गोधडी सुरकुतते. गडद लाल किंवा निळा नवा तुकडा आधी एकटा धुवून घ्या. दोरा जाड सुती, सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, तुळशीबागेत दोन्ही मिळतं. आषाढ-श्रावणात काढू नका, पुण्यात तेव्हा जाड गोधडी धुतली तर वाळत नाही आणि कुबट वास जात नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर जेवणाच्या टेबलावर पसरा, जमिनीचा हट्ट नको. मशीनवर शिवली तरी पाप नाही, रोजच्या वापराची मीही मशीनवरच शिवते. पण मग गप्पा होत नाहीत, खडखडाटात काही ऐकू येत नाही.

घरच्या पुरुषांपैकी कुणी बसायला तयार असेल, तर घरात ज्या बाईचा हात सर्वांत सफाईदार आहे तिला त्या दुपारी मंडईत पाठवा. तुमच्या घरी ती बाई तुम्हीच असाल, तर पिशवी तुम्ही उचला.