पनीर बटर मसाल्याचा फोटो बघून लिहितोय

अरे,

काल रात्री तू जळगावच्या लॉजवरनं फोटो टाकलास, पनीर बटर मसाला, बटर नान, आणि खाली "जेवण ठीकठाक". डिसेंबरात जळगावात बसून पनीर! फोनच करणार होतो, पण फोनवर तोंडातनं काय काय गेलं असतं म्हणून लिहितोय.

तुझी फिरतीची नोकरी नवीन आहे, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेर, दिवसभर पायपीट आणि रात्री लॉजच्या खालीच जे असेल ते गिळून झोपायचं, हे मला कळतं रे. मी ३१ वर्षं औषधांची बॅग घेऊन तेच केलंय. आता डॉक्टरांची नावं विसरायला लागलोय, पण कुठल्या गावात काय जेवलो ते विचार, महिन्यासकट सांगतो. महिन्यासकट हे महत्त्वाचं. सगळे विचारतात "इथं चांगलं कुठं मिळतं", "आत्ता चांगलं काय आहे" हे कुणी विचारत नाही, आणि मोबाईलवरचे स्टार तर बाराही महिने तेच दाखवतात.

मला हे मालवणात कळलं. जुलै महिना, पाऊस असा की छत्रीचा काही उपयोग नाही, आणि मी पहिल्यांदाच आलो म्हणून सुरमई पाहिजे म्हणून अडून बसलेलो. एका घरगुती खानावळीत गेलो, पाच-सहा टेबलं. मावशी म्हणाल्या, "सुरमय आसा, पण बर्फातली. माका विचारशात तर घेव नकात." जून-जुलैत मासेमारी बंद असते, मासे अंडी घालायचे दिवस ते, मोठ्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मग त्यांनी त्यांच्या घरात जे शिजलं होतं तेच वाढलं. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सुकटीची किसमूर, म्हणजे भाजलेलं सुकट, ओलं खोबरं, कांदा आणि वर कोकमाचं आगळ. बास. बाहेर धो धो पाऊस आणि आत ती गरम पिठी. नंतर सीझनला जाऊन मी सुरमई, पापलेट, तिसऱ्या सगळं खाल्लं, मस्तच होतं, पण आठवण निघते ती त्या पिठीची. त्या बाईनं धंदा सोडून खरं सांगितलं म्हणूनही असेल.

तर विचारायचं कुणाला, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. लॉजच्या काउंटरवरच्याला नाही, तो तुला जिथं कमिशन तिथं पाठवणार. मेडिकल दुकानातला पोरगा, रिक्षावाला, बँकेतला शिपाई यांना विचार, आणि "चांगलं हॉटेल" हा शब्द वापरू नकोस कारण तो वापरला की ते एसीवालं सांगतात. "तुम्ही डबा नाही आणला की कुठं जेवता?" असं विचार.

नागपूरला मला असंच एका मेडिकलवाल्यानं सावजीला नेलं. सावजी म्हणजे हलबा कोष्टी लोकांचं, विणकरांचं जेवण, हातमागाचा धंदा बसला तसं लोकांनी घरातच पुढच्या खोलीत भोजनालयं टाकली असं तिथलेच लोक सांगतात. काळपट रस्सा, मसाल्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, जवस, आणि वर बोटभर तेल. मी शहाणपणा करून "थोडं कमी तिखट" म्हणालो तर वाढणारा नुसता हसला. कमी-जास्त नसतं तिथं, पातेलं एकच. कान गरम झाले, नाकातनं पाणी, आणि तरी मी दुसरी पोळी मागितली. मटण खात नसशील तर पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा घे, तो कुठंच कमी नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर नको, हे अनुभवाचे बोल, जास्त खोलात शिरत नाही.

घड्याळ पण बघत जा. खानावळीत स्वयंपाक एकदाच होतो आणि संपला की संपला, त्यामुळं साडेबारा-एकला जाणारा राजा आणि अडीचला जाणारा भिकारी. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा खायचा तर दुपारी वेळेत जा, पांढरा गरम असतानाच प्यायचा, गार झाला की मजा गेली. श्रावणात मात्र आधी फोन करून जा, बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं नाहीतर अर्धवट चालू. मी एकदा हायवेवर एका ढाब्यावर दुपारी चारला जेवलो, सकाळचीच भाजी परत परत तापवलेली, तीन दिवस सलाईन. तेव्हापासून अवेळी भूक लागली तर केळी आणि चहा-बिस्कीट, दुसरं काही नाही.

आणि एकटा जेवायला लाजू नकोस. माटुंग्याला स्टेशनसमोर रामा नायक यांचं उडुपी आहे, १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर वाढतात, समोर कोण अनोळखी माणूस बसेल सांगता येत नाही. रसमात भात कालवायचा की भातात रसम यावर मी तिथं एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून पाच मिनिटं लेक्चर ऐकलंय. बंगळुरूला ट्रेनिंगला गेलास तर लालबागजवळचं एमटीआर, १९२४ चं, दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची इडली करून बघितली ती त्यांनीच. गर्दी असते, थांबावं लागतं, थांब. मोबाईल खिशात ठेवून थांबलास तर वास येत राहतो, अर्धं जेवण तिथंच होतं.

डीए, म्हणजे फिरतीचा रोजचा भत्ता, वाचवायचा म्हणून रोज वडापाव खाणारे पण बघितलेत मी. त्यांचे पैसे वाचले असतील.

बरं, उद्या तू अजून जळगावातच आहेस ना? मग ऐक. ती मोठी हिरवी-पांढरट वांगी असतात ना, बी कमी, चव गोडसर, २०१६ ला त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तू पनीर खातोयस. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, धूर आतपर्यंत जातो, मग ठेचून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. थंडीत भरीत सेंटरवर किलोवर मिळतं. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नकोस, ज्वारीत उडीद घालून दळलेली असते, पुऱ्याही चालतील. एकट्याला पाव किलो पुरे, तू अर्धा घेशील मला माहितीये. फोटो टाक. परत पनीर दिसलं तर ब्लॉक करीन.

तुझा काका