एकच गाणं दिवसभर डोक्यात का वाजत राहतं? ते घालवायचं कसं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. भांडी घासताना, जिना चढताना, आंघोळ करताना एकच गाणं, तेही नावडतं, का वाजत राहतं? ते घालवायचं कसं? आणि "असली चिकट गाणी बनवणाऱ्यांना काही वाटतं की नाही?" खरं सांगायचं तर हे उत्तर तिसऱ्या प्रश्नामुळे लिहिते आहे. मी जाहिरातींच्या धुना बांधते. वाटतं, पण तुम्ही समजताय त्या कारणासाठी नाही. त्याकडे नंतर येते.

फालतू गाणीच डोक्यात बसतात हा समज आधी सोडा. आवडतं गाणं घोळत असलं की आपण म्हणतो "गुणगुणतोय", आणि नावडतं असलं की "पिच्छा सोडत नाही". प्रकार एकच, तक्रार मात्र दुसऱ्याचीच होते. फिनलंडमध्ये 12,000हून जास्त लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे 90 टक्के लोकांनी आठवड्यातून एकदा तरी असं होतं असं सांगितलं. म्हणजे हा आजार नाही आणि तुमचं मन कमकुवत आहे असंही नाही.

डोक्यात वाजतं ते अख्खं गाणं नसतंच, त्याचा एक तुकडा असतो. साधारण 15-20 सेकंदांचा, बहुतेक वेळा मुखडा किंवा मुखड्याची शेवटची ओळ. हा तुकडा संपतो तिथेच पुन्हा सुरू होतो. तो का फिरत राहतो हे सांगून कळणार नाही, बांधूनच दाखवते. ही धून आत्ता इथे लिहिता लिहिता केलेली आहे, कुठल्या जाहिरातीतली नाही. आठ मात्रांची (ठोक्यांची) एक ओळ, अशा चार ओळी:

सा सा ग ग | प – ग –
सा सा ग ग | प – ग –
रे रे म म | ध – म –
प प सां – | रे – नी –

रेघ म्हणजे आधीचाच स्वर लांबवायचा, सां म्हणजे तार, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. शेवटचा नी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, आणि त्याच्या आधीचा रे मधल्या सप्तकातला. मिनिटाला 120 मात्रांची लय धरलीत तर 32 मात्रांना बरोबर 16 सेकंद लागतात. पेटी असेल तर वाजवून बघा, नाहीतर गुणगुणा.

पहिली ओळ वर चढून खाली येते. अनेक बडबडगीतांचा आकार हाच असतो, म्हणून ती ऐकताक्षणी ओळखीची वाटते. दुसरी ओळ म्हणजे पहिलीच पुन्हा, त्यामुळे तिसऱ्या ओळीपर्यंत पोचता पोचता पहिली पाठ झालेली असते. तिसरी त्याच आकाराची, फक्त एक पायरी वर सरकवलेली. कान म्हणतो, कळलं मला, आता अजून एक पायरी वर जाणार. इथे त्याला चकवायचं. चौथ्या ओळीत तार सा गाठून एकदम मधल्या रे वर उडी मारली आहे. चार ओळींत ही एकच उडी अनपेक्षित आहे. दोन ठेवल्या तर धून गाता येत नाही, एकही नसली तर ती लक्षात राहत नाही. 3,000 लोकांकडून त्यांच्या डोक्यात बसलेल्या गाण्यांची नावं गोळा करून 2017मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघालं: लय जरा जलद, सुरावटीचा एकूण आकार ओळखीचा, आणि मध्येच एखादी वेगळी उडी किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळा येणारा स्वर. आमच्या धंद्यात हे कोणी पुस्तकातून शिकत नाही, हाताला कळतं.

आता सांधा बघा. धून संपते मंद्र नी वर. नी वर थांबून बघा, थांबवत नाही. घसा आपोआप सा कडे जातो. आणि पहिली ओळ कुठून सुरू होते? सा वरून. म्हणजे ज्या स्वराने धून मिटायला हवी, त्याच स्वराने ती पुन्हा उघडते. दार बंद करायला हात पुढे केला की दार उघडतं, असा हा प्रकार. गाण्याच्या मुखड्यातही हेच होतं. खऱ्या गाण्यात मुखड्यानंतर अंतरा येतो आणि हे चक्र तोडतो. तुम्हाला अंतरा पाठ नसतो, म्हणून तुमच्या डोक्यात ते तुटतच नाही. "मला त्या गाण्याची एकच ओळ येते आणि तीच वाजते" असं लोक कुरकुरत सांगतात. अहो, एकच येते म्हणूनच तर वाजते.

रोजच्या कामातच हे का होतं, याचं उत्तर छोटं आहे. हात गुंतलेले असतात आणि डोकं मोकळं असतं. त्यात पोळ्या लाटणं, चालणं, जिना चढणं या कामांना स्वतःची लय असते, आणि तिच्या आसपासची धून स्मरणातून वर यायला वेळ लागत नाही. सुरुवात व्हायला गाणं अलीकडे कानावर पडलेलं पुरतं. कधी तेही लागत नाही, बोलण्यात आलेला एखादा शब्द किंवा जुनी जागा दिसणं पुरेसं असतं.

आता घालवायचं कसं. सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "लक्ष देऊ नकोस". पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं की अस्वलच आठवत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नरने 1987मध्ये प्रयोग करून दाखवलं. गाण्याचंही तेच. जे नेटाने दाबायला जातात त्यांच्या डोक्यात ते जास्त टिकतं. जे "वाज बाबा" म्हणून सोडून देतात त्यांचं लवकर सुटतं.

दुसरा वाईट सल्ला, "दुसरं गाणं ऐक". याने काटा निघतो आणि दुसरा रुततो.

करायचं ते असं. गाणं एकदा, एकदाच, पहिल्यापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐका, शब्द समोर ठेवून. विशेषतः तुमचा तुकडा जिथे संपतो त्याच्या पुढच्या दोन ओळी लक्ष देऊन ऐका, कारण भोक तिथे आहे. यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. लोक मुखडा आला की बंद करतात, म्हणजे औषध म्हणून विषच घेतात. किंवा फोनवर पुनरावृत्ती चालू राहते आणि गाणं चार वेळा वाजतं. जितकं ऐकाल तितकं पक्कं होणार, हे विसरू नका. तिसरा घोटाळा बारीक आहे. अनेक ध्वनिमुद्रणांत शेवटी मुखडाच पुन्हा पुन्हा येतो आणि आवाज हळूहळू विरत जातो. अशा गाण्याला शेवटच नसतो. त्याचं मंचावर गायलेलं रूप शोधा. तिथे वादकांना कुठेतरी थांबावंच लागतं, त्यामुळे खणखणीत शेवट मिळतो.

गाणं ऐकायची सोय नसेल तर तिहाई द्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबा. माझ्या मते याहून सोपा उपाय नाही. वरच्याच धुनेवर दाखवते. चौथी ओळ संपली की पहिलीकडे जाऊ नका. त्याऐवजी "रे नी सा, रे नी सा, रे नी सा" असं म्हणा, दर मात्रेला एक स्वर. पहिला रे नव्या आवर्तनाच्या, म्हणजे आठ मात्रांच्या नव्या फेरीच्या, पहिल्या मात्रेवर पडतो. स्वर झाले नऊ आणि मात्रा आठ, म्हणून शेवटचा सा बरोबर पुढच्या समेवर येतो. तिथे थांबायचं. स्वरज्ञान नसलं तरी चालतं. तुमच्या तुकड्यातला शेवटचा शब्द तीन मात्रांत बसवा आणि तीनदा म्हणा, तिसऱ्यांदा त्याचं शेवटचं अक्षर समेवर आणा. हळू आवाजात का होईना, तोंडाने म्हणा, नुसतं मनात नको.

इथेही एक चूक ठरलेली. सम येते, तोंड थांबतं, पण पाय ताल धरून हलत राहतो किंवा बोटं टेबलावर वाजत राहतात. ताल चालू राहिला की दहा सेकंदांत धून परत त्यावर चढून बसते. समेवर हातपाय सगळं थांबलं पाहिजे. चालत असाल तर दोन पावलांपुरते उभे राहा आणि वेगळ्या गतीने निघा.

मग तोंडाला काम द्या. मनात गाणं म्हणताना जीभ-जबडा हलवण्याची यंत्रणा थोडी वापरली जाते, तीच अडवायची. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या 2015च्या प्रयोगांत च्युइंगगम चघळणाऱ्यांना गाणं कमी वेळा आठवलं, आणि नुसतं बोटांनी ठोकून तेवढा फरक पडला नाही. फक्त गाण्याच्या ठेक्यात चघळू नका. जबडा आपोआप ठेका धरतो, म्हणून मुद्दाम वेडावाकडा चघळा. गम नको असेल तर मोठ्याने काहीतरी वाचा.

त्यानंतर पाच-दहा मिनिटं शब्दांचं मध्यम अवघड काम करा. शब्दकोडं चालेल, एखादं पत्र लिहायचं राहिलं असेल तर ते लिहा. मध्यम हा शब्द महत्त्वाचा. फार सोप्या कामात डोकं पुन्हा मोकळं होतं, आणि झेपत नाही असं काम घेतलं की मन कंटाळून भटकतं आणि गाण्याकडेच जातं. 2013च्या एका अभ्यासात दोन्ही टोकांना गाणी परत आलेली दिसली. कोडं सोडवायला घेतलंत आणि पहिलाच शब्द अडला, तर दुसरं कोडं घ्या.

झोपायच्या वेळी हे होत असेल तर उशाशी वाद्यसंगीत लावू नका. बिनशब्दांचं म्हणजे निरुपद्रवी, असं सगळे धरून चालतात. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या झोपेच्या अभ्यासात ओळखीच्या गाण्यांची बिनशब्दांची रूपंच डोक्यात जास्त अडकली आणि अशा लोकांची झोपही बिघडली. गाळलेले शब्द मेंदू स्वतः भरत बसतो, असा माझा कयास. ऐकायचंच असेल तर ठेका नसलेला, शब्द नसलेला, तुम्हाला पाठ नसलेला संथ आलाप ऐका. तोही झोपायच्या बराच आधी.

आता तिसरा प्रश्न. चिकट धून बांधण्याची मला लाज वाटत नाही. अंगाईही चिकटच असते. लाज वाटते ती शेवट मुद्दाम लटकत ठेवण्याची. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा यावर हट्ट आहे: मालाच्या नावाची ओळ नी वर सोडायची, म्हणजे ऐकणारा सा शोधत दिवसभर फिरतो. अर्धवट राहिलेलं काम जास्त आठवतं हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निकने 1927मध्ये मांडलं, हा त्याचा हुकमी एक्का. माझं म्हणणं, धून लक्षात राहते ती आकारामुळे आणि किती वेळा कानावर पडते त्यामुळे. शेवट मिटवलात तरी ती राहतेच. फरक एवढाच की मिटवलेली धून आठवली तर माणूस गुणगुणून कामाला लागतो, आणि लटकलेली आठवली तर चिडतो आणि तो माल घेणार नाही म्हणतो. तुमचा प्रश्नच बघा, चिडूनच लिहिला आहे. अर्धवट कामाचा नियम गाण्याला सरसकट लावता येत नाही, हेही त्याला सांगून झालं. म्हणाल, मग मघाशी तूच सांध्याचं सांगितलंस. सांध्यामुळे फिरणारी धून फिरत राहते, हे खरं. ती मुळात डोक्यात शिरते त्याचं श्रेय सांध्याचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमचं भांडण नेमकं इथेच अडतं.

एक राहिलं. वरचं सगळं "मनात वाजतं आहे, बाहेर नाही" हे कळत असेल तरच लागू. गाणं खरोखर शेजारच्या खोलीतून येतंय असं वाटत असेल, तर तो वेगळा प्रकार. ऐकू कमी येणाऱ्या, विशेषतः वयस्कर लोकांत तो आढळतो. आधी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवण तपासून घ्या, तिहाई देत बसू नका. आणि आठवडेच्या आठवडे तोच तुकडा चालू आहे, झोप नाही, कामात लक्ष नाही, तो थांबावा म्हणून मनात मोजणं किंवा ठरावीक काहीतरी करणं सुरू झालं आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर उपचार आहेत.

आणि त्या चार ओळी गुणगुणून पाहिल्या असतील, तर उठण्याआधी नऊ स्वर म्हणून घ्या.