वणवा विझवणाऱ्या वनरक्षकाला सरकारकडून प्रशिक्षण, मदत आणि आरोग्यतपासणी मिळते का?

आपला भाचा वनरक्षक म्हणून नुकताच रुजू झाला आहे; वणवा विझवायला त्याला कोण शिकवणार, मदतीला कोण येणार आणि धुराने आजारी पडल्यास कोण पाहणार, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचाच, राजेंद्रनगरात राहतो. वनखात्यात नाकेदार म्हणून लागलो (वनरक्षकाला इकडे नाकेदारच म्हणतात) आणि डेप्युटी रेंजर म्हणून निवृत्त झालो.

पैशाची व्यवस्था आहे. वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापनाची केंद्रपुरस्कृत योजना 2017 पासून सुरू असून मध्य प्रदेशासारख्या राज्यांत तिचा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते; हिमालयीन व ईशान्येकडील राज्यांसाठी हे प्रमाण 90:10 आहे. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून ठेवलेले पट्टे) साफ करणे, टेहळणी मनोरे, साधने आणि प्रशिक्षण हे सगळे त्यात बसते. प्रशिक्षणाबाबत मात्र माझा अनुभव असा की, वर्गात आगीचा त्रिकोण (इंधन, हवा आणि उष्णता) शिकवतात, पण उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर चढते आणि म्हणून वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये, हे जुना फायर वॉचरच (आगीच्या हंगामापुरता ठेवलेला मजूर) शिकवतो.

समन्वयाची सुरुवात मोबाइलवरील संदेशाने होते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेली आग थेट बीटपर्यंत, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यापर्यंत, कळवते. उपग्रहावरील जुन्या मोडिस संवेदकाचा ठिपका 1 किलोमीटरचा होता, व्हीआयआयआरएस या नव्या संवेदकाचा 375 मीटरचा आहे, ही मोठी सुधारणा खरी. परंतु व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला कोणी दुपारी चारला पेटवला, तर उपग्रहाला ते मध्यरात्रीनंतर दिसते. तोपर्यंत गावातल्या वन समितीचा फोनच उपयोगी पडतो, म्हणून भाच्याने पहिल्याच महिन्यात बीटमधल्या प्रत्येक पाड्यातील दोन-तीन नंबर घेऊन ठेवावेत. आग आवाक्याबाहेर गेली, तर 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेल्या कलेक्टरांकडे मदत मागता येते; शहरातला बंब मात्र चोरलच्या घाटात रस्ता सोडून फारसा आत जाऊ शकत नाही.

खरी उणीव आरोग्याची आहे. आमच्या हाताखालचा एक फायर वॉचर पायात कापडी बूट, अंगात पॉलिएस्टरचा शर्ट आणि तोंडाला ओला गमछा बांधून पळसाच्या हिरव्या फांदीने तासन्‌तास आग झोडपत असे, आणि पुढे दोन दिवस त्याच्या थुंकीतून काळे पडत असे. ओला गमछा राख अडवतो, पण सूक्ष्म कण फारसे अडवत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. वणव्याच्या हंगामानंतर त्याच्या छातीची तपासणी व्हावी म्हणून मी लेखी मागणी केली, तेव्हा तो हंगामी मजूर असल्यामुळे तशी तरतूद नाही, असे उत्तर आले. आपला भाचा कायम नोकरीत असल्याने त्याला उपचारखर्चाची प्रतिपूर्ती मिळेल, परंतु ती आजार झाल्यानंतरची गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक ठरवले. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने अग्निशमन कर्मचाऱ्यांची कर्करोग नोंदवही सुरू झाली आणि कॅनडाने 2023 मध्ये याच विषयावर राष्ट्रीय आराखड्याचा कायदा केला. तिकडेही हे उशिरानेच सुचले, पण निदान नोंद तरी होते. आपल्याकडे जून 2024 मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात चार वनकर्मी आगीत जागीच गेले, तेव्हा चर्चा झाली; धुराने हळूहळू खंगणाऱ्याची मात्र कोठेच गणती नाही.

म्हणून भाच्याला सांगा की, 15 फेब्रुवारीला हंगाम सुरू होण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने का होईना, फुप्फुसांची चाचणी करून घ्यावी, 15 जूनला हंगाम संपल्यावर पुन्हा करावी आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत. सुती कपडे, चामड्याचे बूट आणि एन-95 मास्क वापरावेत. शिवाय ज्या दिवशी आग विझवली, त्या दिवशीच्या नोंदीत हाताखालच्या वॉचरांची नावे आणि धुरात काढलेले तास अवश्य लिहावेत. ती वही त्याच्याच हातात असते.