पन्नास पानं झाली, आता काय करू?

मागच्या अंकात मी एकच प्रश्न टाकला होता, गेल्या काही महिन्यांत कुठली कादंबरी वाचलीत आणि ती वाचताना कुठे अडलात. मला वाटलं दहा-बारा पत्रं येतील, पण इतकी आली की माझं जेवणाचं टेबल भरलं, आणि बहुतेकांनी आवडलेलं दोन ओळीत उरकून अडलेल्या जागेबद्दल पानभर लिहिलंय. म्हणून या वेळी थोडीच पत्रं घेतेय, पण नीट बोलून घेऊया.

ताई, मी पुण्यात आयटीत आहे, माझं मराठी चांगलं आहे असं मला वाटायचं. ऑफिसातल्या अकोल्याच्या मित्राने वाढदिवसाला 'धग' दिली. चाळीसेक पानांवर थांबलोय. वऱ्हाडी बोलणं डोक्यात शिरतच नाही, प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागतं. सोडून दिली तर मित्राला काय सांगू?

सोडू नका हो, प्लीज. आणि दोनदा डोळ्यांनी वाचताय ना, तिथेच अडतंय. तोंडाने वाचा.

मी हे उगाच सांगत नाहीये. कॉलेजला असताना मीही 'धग' अशीच अर्ध्यावर टाकलेली, माझं सगळं बालपण साताऱ्याकडचं, मला ते 'मले-तुले' आणि 'कायले' वाचताना सारखं ठेचकाळल्यासारखं व्हायचं. हॉस्टेलला माझी रूममेट यवतमाळची होती, तिने एका संध्याकाळी मेसमधून ताट रूमवर आणलं आणि जेवता जेवता माझ्या कॉटवरचं पुस्तक उचलून मधलंच कुठलंतरी पान मोठ्याने वाचायला घेतलं, कौतिक आणि तिच्या नवऱ्याचं, महादेवचं बोलणं होतं ते. दोन मिनिटात माझ्या लक्षात आलं की मी ज्याला अवघड भाषा म्हणत होते ते एका चिडलेल्या, थकलेल्या बाईचं साधं घरातलं बोलणं आहे. कुठे ती आवाज चढवते, कुठे गिळून गप्प बसते, हे मला कागदावर दिसतच नव्हतं, ते कानाने कळलं. वरण गार होऊन त्यावर साय धरली तरी ती वाचत होती आणि मी ऐकत होते.

तुम्हीही एवढंच करा, रात्री दार लावून दहा पानं नुसते संवाद मोठ्याने वाचा. 'ला' च्या जागी 'ले' आणि 'आहे' च्या जागी 'हाये', एवढं एकदा जिभेवर बसलं की निम्मी अडचण संपते. नाहीतर सरळ त्या अकोल्याच्या मित्रालाच चहाला बोलवा आणि एक प्रकरण वाचून दाखव म्हणा, त्याने पुस्तक दिलंय म्हणजे त्याला आनंदच होईल.

आणि का सोडू नका म्हणतेय तेही सांगते. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 ची. शिंप्याचं घर, हाताला काम अपुरं, आणि कौतिकला एवढंच हवंय की आपला संसार वर यावा, पोरानं शिकावं. पुढे महादेवला महारोग होतो. या सगळ्यात ती बाई कशी उभी राहते ते शेळक्यांनी एकदाही डोळ्यात पाणी आणायचा प्रयत्न न करता लिहिलंय. हेच प्रमाण मराठीत लिहिलं असतं तर ती कुणाचीतरी करुण गोष्ट झाली असती. वऱ्हाडीत आहे म्हणून ती कौतिकची आहे. माझ्या मते मराठीतल्या पहिल्या पाच कादंबऱ्यांत तिची जागा आहे, आणि हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

'तुंबाड' सिनेमा थिएटरला परत लागला तेव्हा पाहिला, वेड लागलं, लगेच 'तुंबाडचे खोत' मागवली. दीडशे पानं झाली, हस्तर अजून आला नाही. पुढे येतो का? (ठाणे, बीएस्सीचा विद्यार्थी)

नाही रे, येणार नाही. सिनेमा आणि कादंबरीत नाव सारखं आहे, गोष्ट पूर्ण वेगळी. सिनेमा 2018 चा, पेंडश्यांची कादंबरी 1987 ची, आणि तिच्यात ना सिनेमातला तो लालची देव हस्तर आहे ना सोन्याच्या मुद्रा. पण आता दीडशे पानं वाचलीसच तर माझं ऐक, हस्तरची वाट बघणं बंद कर आणि नदीकडे बघ. जगबुडी नदी खरी आहे, खेडजवळून वाहते, तुंबाडही तिच्या काठचं खरं गाव आहे. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, त्यांना तो मुलूख हाताच्या रेषांसारखा माहीत. एका खोत घराण्याच्या चार पिढ्या, तुंबाडचे आणि लिंबाडचे, त्यातला माज, जमिनी, भानगडी, आणि मधूनच एखादा असा सज्जन माणूस की वाटतं हा याच घरात कसा जन्मला.

दोन जाडजूड खंड आहेत, नावांचा गोंधळ होणारच. मी पहिल्या खंडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढली होती, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा चुलता. तीच घेऊन बसायचे. तूही काढ. लालच हा विषय तुला सिनेमात आवडला असेल तर तो इथेही आहे, फक्त इथे त्याला विहिरीत उतरावं लागत नाही, तो ओसरीवर बसलेला असतो.

आम्ही नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. दोघांनी पाठोपाठ 'बारोमास' वाचली आणि अलकावरून आमच्यात आठ दिवस वाद चाललाय. मिस्टर म्हणतात अलका स्वार्थी, नवऱ्याला अडचणीत सोडून माहेरी गेली. मी म्हणते तिचं काय चुकलं? तुम्ही निकाल द्या. आणि यानंतर काय वाचू तेही सांगा. (सोलापूर जिल्हा)

मॅडम, निकाल देते आणि तो तुमच्या बाजूने आहे, पण सरांचं म्हणणं मी अगदीच फेकून देत नाहीये. सदानंद देशमुखांची कादंबरी एकनाथच्या बाजूने सांगितली जाते ना, शिकलेला मुलगा, संस्थेत चिकटायचं तर पैसे मोजा, नाहीतर बापाच्या कोरडवाहू शेतात राबा. आपण पानोपानी त्याच्यासोबत शेतात जातो, पाऊस हुकलेला बघतो, त्यामुळे घरात कुणी कटकट केली की आपल्यालाही तो त्रास वाटायला लागतो. सरांना अलकाचा राग येतो तो तिथून येतो. पण अलकाच्या जागी उभं राहून बघा. शहरातली शिकलेली मुलगी, नवऱ्याला नोकरी लागणार या भरवशावर लग्न झालेलं, आणि वर्षं चाललीत, नोकरी नाही, हातात पैसा नाही, तिचं शिक्षण तर त्या घरात कुणी विचारातच घेत नाही. ती कडू बोलते हे खरंय. पण तिच्या कडू बोलण्यात जे खरं आहे ते एकनाथलाही कळतं, म्हणून तर त्याला ते झोंबतं.

मला या कादंबरीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं की त्या घरात वाईट कुणी नाही. सगळे एकमेकांना बोचकारतात, आणि कारण बाहेर आहे, पावसात, भावात, नोकरीच्या बाजारात. 2002 साली आलेली ही कादंबरी, 2004 चं साहित्य अकादमी मिळालं तिला, आणि मला खूप वाईट वाटतं की आजही ती वाचताना काही जुनं झाल्यासारखं वाटत नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा एमए बीएड करून चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, त्याने ती वाचून मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

पुढे काय, तर तुम्ही दोघं शिक्षक म्हणून रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' आधी घ्या. साक्षरता अभियान, कागदोपत्री साक्षर झालेलं गाव, अहवाल, भेटीला येणारे साहेब, तुम्हाला एकेक माणूस ओळखीचा वाटेल, आणि हसताहसता मधेच थांबाल. त्यानंतर कृष्णात खोतांची 'रिंगाण', 2023 ची अकादमी मिळालेली. धरणात गाव गेलं, माणसं उठवली, आणि जुन्या जागेवर एक म्हैस मागे राहिली. तिला आणायला माणूस परत जातो, तोवर ती रानटी झालेली. एवढीच गोष्ट. पण घाईत वाचायची नाही, रोज थोडी थोडी वाचायची. पन्हाळ्याकडची बोली आहे, मघाशी पुण्याच्या वाचकाला सांगितलं तेच इथेही, तोंडाने वाचा. आणि वादाचं म्हणाल तर चालू द्या, कादंबरीवरून आठ दिवस भांडणारी घरं मला फार आवडतात.

आम्ही न्यू जर्सीत. मुलगा नववीत, मराठी छान बोलतो, वाचता येतं पण हळू. पहिली मराठी कादंबरी कोणती द्यावी? ऐतिहासिक देऊ का? त्याच्या आजोबांचा आग्रह आहे.

आजोबांचा मान ठेवून सांगते, ऐतिहासिक आत्ता नको. त्यातले शब्द जड, वाक्यं लांब, हळू वाचणारं पोर दहाव्या पानावर दमेल आणि मराठी वाचणं म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसेल. मिलिंद बोकिलांची 'शाळा' द्या. मुकुंद जोशी नववीतलाच आहे, तुमच्या मुलाच्याच वयाचा, आणि गोष्ट तोच सांगतो, त्याच्या शाळकरी भाषेत. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे मित्र, शिरोडकर ही आवडणारी मुलगी. काळ आणीबाणीचा, त्यामुळे मागे मोठ्यांच्या जगात काय चाललंय तेही झिरपत येतं. पोरं पोरांसारखी बोलतात, थोडे चावट शब्द आहेत, ते तुम्ही आधी वाचून ठेवा म्हणजे अवघडायला नको. पण तेवढ्यासाठी लपवू नका, उलट त्यामुळेच तो पुढे वाचेल.

सिनेमाही आहे, तो नंतर दाखवा. आणि आजोबांना एक काम द्या, व्हिडिओ कॉलवर रोज दोन पानं त्यांनी वाचायची, दोन नातवाने. ती संपली की 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची, जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची, वाक्यं इतकी छोटी आणि स्वच्छ की मराठी शिकणाऱ्याला याहून चांगली मिळणार नाही. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, मेंढरं, शाळा, मग दुष्काळ. न्यू जर्सीतल्या मुलाला धनगर म्हणजे काय ते आजोबा सांगतील, त्यांनाही ते सांगायला आवडेल.

रोज लोकल, दीड तास जाऊन-येऊन. जाड पुस्तक धरवत नाही. नव्यातलं काही छोटं? (डोंबिवली)

मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट'. नांदेडची गोदावरी, तिच्यात पोहायला जाणारा माणूस आणि काठावर भेटणारी माणसं, ज्यांच्याकडे आपण एरवी बघतही नाही. वाचून झाल्यावर मला कितीतरी दिवस पाण्याचा वास येत होता. जरा डोक्याला ताण चालत असेल तर नंदा खरेंची 'उद्या' पण घ्या, छोटी नाही ती, पण पेपरबॅक आहे, बॅगेत मावते. आपल्यावर पाळत ठेवणारं जवळचं भविष्य त्यांनी 2014 मध्ये लिहिलं, आणि तिला अकादमी जाहीर झाली तेव्हा त्यांनी ती नम्रपणे नाकारली.

ताई, नाव छापू नका. मैत्रिणीने 'कोसला' दिली, खूप हसत वाचत होते, मग मनीचं, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीचं जाणं आलं. माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. मैत्रिणीला लक्षात नव्हतं. मी तिथेच पुस्तक मिटलं, आता उघडवत नाही. सगळे म्हणतात ही वाचलीच पाहिजे. मी काय करू?

नाही उघडायचं. आत्ता नाही. 'वाचलीच पाहिजे' असं कुठलंच पुस्तक नसतं, आणि 1963 पासून ते इथेच आहे, अजून दहा वर्षांनीही दुकानात मिळेल.

फक्त एक सांगते, कारण तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही जिथे मिटलंत ती पानं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला लेखकाचा, नेमाड्यांचा राग आला होता, इतकं हसवून एकदम असं का केलं म्हणून. पुढे माझ्या घरात एक माणूस गेलं, आणि त्यानंतर ती पानं परत वाचली तेव्हा लक्षात आलं की नायकाला, पांडुरंगला तिथे रडता येत नाहीये नीट. तो काहीबाही विचार करतो, वेडेवाकडे, रागाचे, कुणाला सांगता येणार नाहीत असे. मला तेव्हा अगदी तसेच विचार येत होते आणि मी कुणाला बोलले नव्हते. माझं तेच एक पुस्तक होतं ज्याने मला, उगी, असं म्हटलं नाही.

तुमच्यासाठी ते तसं असेलच असं नाही. कपाटात ठेवा, जिथे सारखं दिसणार नाही अशा जागी. मैत्रिणीला मात्र सांगा, आजच सांगा, पुस्तकाचं कारण काढून बहिणीबद्दल बोला तिच्याशी. आणि तुम्हाला वाटलं तर मला पुन्हा लिहा, बहिणीबद्दलच लिहा, छापायचं नाही, मी नुसतं वाचेन.